आशीर्वादाचा हात

पडदा वर जातो तेव्हा समोर असतो वाराणसीतल्या एका मोठ्या इस्पितळाचा आपत्कालीन विभाग. मे महिना, सकाळचे साडेदहा. पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतोय. व्हरांड्यात ओळीनं स्ट्रेचर. मधल्या स्ट्रेचरवर चाळिशीचा एक दाढीवाला माणूस, डोळे उघडे, पापणी लवत नाही. डाव्या हाताला सलाईन. उजवा हात कोपरापासून वर उचललेला, तळवा लोकांकडे. सलाईनच्या खांबाला झेंडूची माळ, पायाशी केळी आणि नारळ. दारावरचा पहारेकरी प्रत्येक फेरीला त्या पायांना हात लावून पुढे जातो.

कोपऱ्यात पत्र्याचं टेबल. त्यामागे कपाळाला हात लावून बसली आहे शरदिनी पाटणकर.

शरदिनी इथली समाजसेविका. मनाच्या आजाराचा माणूस आला आणि त्याच्याबरोबर कुणी नसलं की ते प्रकरण तिच्या टेबलावर येतं. घर शोधायचं, नातेवाईक गाठायचे, वरच्या मानसोपचार वॉर्डात खाट मिळवायची. अशी सव्वीस वर्षं गेली. ब्रह्माघाटाच्या गल्लीत वेदपाठी वडिलांच्या घरी ती वाढली. तरुणपणी मंडळाच्या गणेशोत्सवी नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायची. काय दिवस होते ते! नट अडखळला की पुढचा शब्द शरूकडून यायचा आणि प्रेक्षकांना पत्ताही लागायचा नाही. तेव्हा तिच्या हातात संहिता असायची. आता अर्ज असतात.

हा माणूस तीन दिवस पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर बसून होता. अन्न नाही, पाणी नाही, बोलणं नाही. कुणीतरी त्याच्या हातात केळं द्यावं म्हणून त्याचा हात उचलला. केळं खाली पडलं, हात वरच राहिला. झालं! मौनी बाबा आशीर्वाद देतायत म्हणून संध्याकाळपर्यंत रांग लागली. आज पहाटे तो उन्हातल्या वाळक्या फांदीसारखा आडवा झाला, तेव्हा घाटावरच्या विष्णू नावाड्यानं त्याला इथे आणून टाकलं.

शरीर कुलूप लागल्यासारखं थिजून जातं, तो हा आजार. शरदिनीनं तो चारदा पाहिला होता. एक इंजेक्शन, आणि बरेचदा अर्ध्या तासात कुलूप उघडतं. पण ते द्यायला मानसोपचाराचे डॉक्टर खाली यायला हवेत. ते म्हणतात, आधी भरती करा. भरतीला नातेवाइकाची सही लागते. नातेवाईक नसेल तर पोलिसांचं पत्र. आणि चौकीवरून उत्तर येतं, "दीदी, बाबा शांती से बैठे थे, इसमें हम क्या लिखें?"

सकाळपासून हे चक्र तीनदा फिरलं होतं. गेल्या वर्षी एक बाई अशाच चक्रात सापडली होती. पत्र संध्याकाळी आलं, तेव्हा तिचं स्ट्रेचर रिकामं होतं. कुणी नेलं, कुठे नेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पत्र अजून शरदिनीच्या खणात आहे.

"ताई, सलाईन संपलं की मी यांना सोडणार," डॉक्टर विश्वजीत म्हणाले. तरुण माणूस, सलग दुसऱ्या पाळीवर उभा. "बाहेर दोन अपघात आलेत. मला जागा हवी."

"हा पुन्हा घाटावर गेला तर परवापर्यंत जगायचा नाही."

"मला कळतंय. मग सही आणा."

तेवढ्यात दारातून दहा-बारा भक्त आत शिरले. सगळ्यांच्या पुढे धोतर सावरत शरदिनीचा थोरला भाऊ, घाटावरचा पुरोहित, बिंदुमाधव.

"शरू, महाराजांना कशाला गं डांबून ठेवलंस?"

"दादा, तो आजारी आहे."

"आजारी? तेज बघ चेहऱ्यावर!"

"ताप आहे तो. अंगात पाण्याचा थेंब नाही."

"तुझ्या कॉलेजात हेच शिकवतात. दिसेल त्याला पागल ठरवायचं." भक्त हसले. "अगं, बघ तरी, अजून हात खाली नाही घेतला. कालपासून हजारभर लोकांना आशीर्वाद दिला."

"त्याला हात खाली घेता येत नाहीये, दादा!"

तिचा आवाज चढला. स्ट्रेचरवरचे रुग्णही वळून बघू लागले. सव्वीस वर्षं हेच! मन आजारी पडतं, एवढंसं पटवायला किती बोलायचं, आणि तेही घरच्यांना. दोन भक्त सलाईनची नळी काढायला सरसावले. शरदिनी मध्ये उभी राहिली. बाटलीत चार बोटं पाणी उरलं होतं.

मग एकाएकी ती शांत झाली. विंगेतून शब्द द्यायची, त्या आवाजात म्हणाली, "दादा, तू या महाराजांचा कोण?"

"मी?" बिंदुमाधवनं मागे पाहिलं. सगळे हात जोडून उभे. "मी त्यांचा शिष्य."

"पक्कं?"

"म्हणजे काय! पहिली माळ मीच घातली."

"संन्याशाला आईबाप नसतात. गुरूची जबाबदारी शिष्यावर. कर इथे सही."

बिंदुमाधवनं अर्ज पाहिला आणि एक पाऊल मागे घेतलं. "हे कसलं कोर्टकचेरीचं..."

"कर दीजिए, पंडितजी," मागून एक म्हातारी म्हणाली. "बाबा की सेवा है."

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यानं सही केली. रुग्णाशी नातं या रकान्यात शरदिनीनं स्वच्छ अक्षरात 'शिष्य' लिहिलं.

"ताई, असं नातं यादीत नाही," विश्वजीत म्हणाले.

"मग 'इतर' धरा. नाहीतर तुम्ही सांगा, याचं कोण आहे इथे?"

त्यांनी रकान्यात 'इतर' लिहिलं. मग फोन उचलून वरच्या मजल्याला म्हणाले, "सही आलीय. लवकर या."

डॉक्टर खाली यायला तरी पाऊण तास लागला. इंजेक्शन दिलं. भक्त भिंतीला टेकून जप करत होते. विसाव्या मिनिटाला वरचा हात थरथरला आणि हळूहळू खाली येऊन छातीवर विसावला. ओठ हलले.

"पानी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "आज ड्यूटी थी मेरी."

"मौन टूट गया," कुणीतरी पुटपुटलं. म्हातारीनं आपला नारळ उचलला. पाच मिनिटांत व्हरांडा मोकळा झाला, तो घाम गाळत पाणी मागणारा माणूस तेवढा मागे राहिला. त्याच्या पायाला आता कुणी हात लावेना. पहारेकऱ्यानं माळ काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

वॉर्डाचा नियम होता, खाटेशी आपलं माणूस चोवीस तास हवं, नाहीतर भरती रद्द. शरदिनीच्या टेबलावर तोवर आणखी दोन रुग्णांचे कागद आले होते. ती पुन्हा चौकीला फोन लावू लागली, तेव्हा बिंदुमाधव हळूच दाराकडे सरकत होता.

"शरू, मी निघतो गं. आरतीची तयारी करायची आहे."

शरदिनीनं फोन कानाशी तसाच ठेवून डाव्या हातानं पाण्याचा पेला आणि चमचा त्याच्याकडे सरकवला.

"अर्जावर तूच आहेस, दादा. बस इथे. आधी त्याला उठवून बसव, मग एकेक चमचा पाणी दे. आणि नाव विचार त्याचं, महाराज म्हणू नकोस."