मास्तरांचे बूट आणि माळीबुवांची झोप

लांब देशी राहणाऱ्या माझ्या नातवंडांनो, गेल्या नाताळात तुम्ही आलात तेव्हा अमरावतीच्या आपल्या ख्रिस्ती देवळाच्या दारात तुम्हाला बूट काढायला लावले. नाड्या सोडता सोडता तुमच्यातल्या एकाने विचारले, "आजी, चर्चमध्ये कुठे बूट काढतात?" आत कीर्तन सुरू होत होते, म्हणून मी त्याला नुसते गप्प केले. आता अकोल्याला घरी निवांत बसले आहे, तर नीट सांगते.

वऱ्हाड मध्यप्रांतात होते तेव्हाची गोष्ट. माझे वडील अमरावतीला मिशनच्या शाळेत मास्तर होते. नाताळच्या संध्याकाळी ते देवळात येशूजन्माचे कीर्तन करत. पेटी, झांजा, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे रीतसर. ऐकायला मात्र आम्हीच, ज्यांना गोष्ट पाठ. शेजाऱ्यांनी एकदा तरी यावे अशी वडिलांची फार इच्छा होती. पण आळी चाले माळीबुवांच्या शब्दावर. भातकुलीच्या वाटेवर त्यांचा झेंडूचा मळा होता, आणि कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

एका सकाळी विहिरीवर वडिलांनी विषय काढला.

"येईन ना मास्तर. पन तुमी बूट घालून कीर्तन करता म्हन्तेत. खरं हाय?"

"आमच्यात टोपी काढतात, बुवा. साहेबांची रीत."

"डोक्शावरलं काढता अन् पायातलं ठेवता? उलटंच हाय बॉ तुमचं!"

"आणि तुमचं? रामाच्या देवळात घोरता ते आमच्या ओसरीवर ऐकू येतं."

"मी डोळे मिटून ऐकत असतो."

"तोंड उघडं ठेवून?"

शेवटी सौदा ठरला. मास्तरांनी बूट काढायचे, बुवांनी झोपायचे नाही.

मंडळीतले वडीलधारे कुरकुरले, "आज बूट, उद्या काय?" वडील म्हणाले, "बायबलात जळत्या झुडपातून देव बोलला तेव्हा मोशेनं पायतण काढलं होतं. टोपीचा तिथे उल्लेख नाही." यावर मिशनचे साहेबच हसले, म्हणून बाकीच्यांना गप्प बसावे लागले.

नाताळला अख्खी आळी आली. वडिलांनी दारात बूट काढले आणि फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावला. आईने जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. साहेबांनीही बूट काढायला घेतले, पण नाड्या पार गुडघ्यापर्यंत. पूर्वरंग संपला तरी ते दाराशीच वाकलेले.

मध्यंतराला बुवा उठले आणि कीर्तनकाराला घालतात तसा आपल्या मळ्यातल्या झेंडूचा हार घेऊन वडिलांसमोर उभे राहिले. आमच्या देवळात माणसाला हार कधी कोणी घातला नव्हता. वडील क्षणभर थांबले, आणि त्यांनी मान पुढे केली.

उत्तररंगात मेंढपाळ गोठ्याशी पोचतात न पोचतात तोच पुढच्या रांगेतून घोरणे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी वडील विहिरीवर रुसूनच गेले. "शब्द मोडलात, बुवा."

"कावून रागावून राहिले, मास्तर? परक्या जागी झोप लागते का मानसाले?"

पुढच्या नाताळला वडिलांनी बुवांना झोपेची अट घातली नाही.

ते देऊळ अजून आहे. नाताळच्या कीर्तनाला दाराबाहेर चपला-बुटांची रांग लागते, आणि हार अजून बुवांच्याच मळ्यातून येतो.