जगन्नाथने फाडलेली शिडं

आगाशीच्या केळीच्या वाडीत वाढलेला जगन्नाथ आकड्यांत हुशार निघाला आणि मुंबईच्या एका हवामान कचेरीत चिकटला. समुद्रातल्या जहाजांकडून वाऱ्याचे, हवेच्या दाबाचे आकडे बिनतारी संदेशाने येत. ते नकाशावर मांडायचे, सारख्या दाबाच्या जागा रेषेने जोडायच्या आणि पुढच्या काही तासांत वादळ कुठे पोचेल ते पेन्सिलीने गणित करून काढायचं, हे त्याचं काम.

अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्याने तेच गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. उद्या दुपारनंतर वादळ वसईच्या किनाऱ्यावर. बंदरांना तारा गेल्या. पण अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात तार कुणाच्या नावाने पाठवणार?

सकाळच्या पहिल्या गाडीने तो विरारला उतरला आणि मागून आणलेली सायकल हाणत किनाऱ्यावर पोचला. आभाळ स्वच्छ होतं. दोन होड्या केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या, पाच निघायच्या बेतात होत्या. होड्यांचा म्होरक्या जयराम तांडेल त्याच्या ओळखीचा. वाडीच्या खतासाठी मासळीचा कुटा त्याच्याकडूनच यायचा.

"जयरामदादा, होड्या थांबवा. वादळ येतंय."

"कोन बोल्ला?"

"आकडे सांगतात."

"दर्याचा पानी तुझ्या कागदावर मावतो काय रे?" जयराम हसला, बाकीचेही हसले. मग माणसं जाळी आणायला घरांकडे वळली.

जगन्नाथने मासळीच्या ओट्याजवळ पडलेला कोयता उचलला आणि पहिलं शीड वरपासून खालपर्यंत चिरलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं चिरताना त्याच्या पाठीत वल्हं बसलं. तो वाळूत पडला तशा लाथा सुरू झाल्या. तोंडात रक्त आणि वाळू एक झाली, दोन दात जिभेवर आले. जयरामने कोयता हिसकावण्यासाठी त्याच्या उजव्या हातावर पाय दिला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी मार थांबेना. शेवटी जयरामची बायको पुतळाबाई जगन्नाथच्या अंगावर आडवी पडली.

"मेला तं फाशी जाल सगले!"

त्यांनी त्याला मासळी वाळवायच्या बांबूला बांधून ठेवलं.

दुपारी वारा फिरला. समुद्र काळा पडून फुगला, माड मध्येच मोडून पडू लागले, कौलं पात्यांसारखी उडून माणसांना कापू लागली. फाटक्या शिडांच्या होड्या लाटांनी उचलून घरांवर आपटल्या. जयराम रांगत आला, त्याने दोर तोडला आणि जगन्नाथला मानेला धरून देवळात ओढत नेलं. मोडका हात दगडांवर घासत होता. जगन्नाथ ओरडत होता, पण ते त्याचं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

आधी गेलेल्या दोन होड्या परतल्या नाहीत. एकीत जयरामचा धाकटा भाऊ शत्रुघ्न होता. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं. दहन करून जयराम तडक आगाशीला जगन्नाथच्या घरी गेला.

"तासभर आधी का नाय आलास?" एवढंच त्याने विचारलं आणि जगन्नाथच्या थोबाडीत मारली. मग ओटीवर बसून ढसाढसा रडला.

जगन्नाथचा उजवा हात वाकडाच राहिला. तो डाव्या हाताने नकाशे काढायला शिकला. साहेबांच्या मागे लागून त्याने एक गोष्ट मात्र करून घेतली: वादळाची तार आगाशीच्या पोस्टात जयरामच्या नावाने येऊ लागली. पुढच्या काही वर्षांत दोनदा तार आली आणि वादळ आलंच नाही. मासळी बुडाली, कोळीवाड्याने जगन्नाथला शिव्या घातल्या. तरी तार आली की जयराम एकही होडी समुद्रात जाऊ देत नसे. जगन्नाथशी मात्र तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.