ताईंची गुपितं

माझ्या नवऱ्याच्या मॅनेजरची बायको मला धाकटी बहीण म्हणायची. ती मला अगं-तुगं करायची, मी तिला 'अहो ताई' म्हणायचे. बहिणीबहिणींत असं असतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आखातातल्या परक्या देशात आपल्या भाषेत कुणी 'जेवलीस का' विचारलं तरी माणूस विरघळतो.

संक्रांतीनंतर मदिनत खलीफातल्या तिच्या व्हिलात हळदीकुंकू व्हायचं. ऑफिसातल्या इतरांच्या बायका नटूनथटून संध्याकाळी यायच्या. मी बिन महमूदच्या आमच्या फ्लॅटवरून सकाळीच जायचे, कारण मी घरची. घरची म्हणजे तिळाचे लाडू वळायला आणि वाणाचे डबे पुसायला, हे माझ्या टाळक्यात शिरायला फार वेळ लागला.

पाक गरम असतानाच ती मन मोकळं करायची. मुलानं लंडनचं कॉलेज सोडलंय, सासरी अजून सांगितलेलं नाही. साहेब वेगळ्या खोलीत झोपतात. मी हात भाजून घेत लाडू वळायचे आणि भारावून जायचे. एवढ्या मोठ्या घरची बाई माझ्यावर इतका विश्वास टाकते! टाकणारच की. ते सांगून मी तिचं काय वाकडं करणार होते?

गेल्या संक्रांतीला तिनं विचारलं, "आज गप्प का गं?"

मी सांगून बसले. कंपनी आमचा फॅमिली फ्लॅट काढून घेणार होती. नवऱ्याला दुसरीकडे फ्लॅटसकट नोकरी मिळत होती, फक्त सही व्हायची होती. ती हुकली तर मला आणि मुलीला रत्नागिरीला परत जावं लागणार होतं.

"साहेबांना इतक्यात कळू देऊ नका हं, ताई."

"वेडी आहेस का? मी कशाला सांगू?" असं म्हणून तिनं माझ्या तोंडात लाडू भरवला.

त्याच आठवड्यात साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. नव्या कंपनीचा मालक त्यांच्या बसण्याउठण्यातला निघाला. एक फोन गेला आणि नोकरी खलास. वर साहेब म्हणाले, "घरच्यासारखं वागवलं तुला, त्याचे हेच का पांग फेडलेस?" नवऱ्याला कामावर ठेवलं, पण फ्लॅट गेला. तो बरवा अल बराहातल्या कामगार वसाहतीत एकट्या पुरुषांच्या खोलीत राहायला जाणार होता. आमची दोघींची तिकिटं काढली.

निघायच्या आदल्या दिवशी ताई आमच्या घरी आली, पहिल्यांदाच. मला वाटलं, माफी मागेल. बांधलेल्या खोक्यांकडे न बघता तिनं आधी दार लावून घेतलं.

"रत्नागिरीत माझी नणंद असते," ती म्हणाली. "मी तुला जे काही सांगितलंय ते तिथं कुणापाशी बोलू नकोस. तुझा नवरा अजून आमच्याकडेच आहे ना."

मुलगी आत भिंतीवर चिकटवलेली आपली चित्रं उतरवत होती.

"नाही बोलणार, ताई," मी म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा टाकला.