बाबांनी वळवलेली गाडी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. दोहात पुलांच्या तपासणीची रीडिंग्ज पडताळणं हेच माझं काम. दोनदा घेतलेलं नसेल ते रीडिंग मी मानत नाही.

बाबा रेल्वेत पूल-निरीक्षक. आंध्रातल्या राजमहेंद्रीचा गोदावरीवरचा लांबलचक पूल – वर रस्ता, खाली रेल्वे – त्याच्यावरच काम करत निवृत्त झाले आणि तिथेच धाकट्या भावाकडे, सुहासकडे, राहिले. पूल ओलांडताना ते दोन खांबांमधले गाळे मोजत. गाळ्याच्या जोडावर चाक धप्प वाजलं की एक आकडा. मध्ये कुणी बोललं की, "चुकलं. वळवा गाडी." मामाच्या लग्नाला उशीर होत असतानाही वळवायला लावली होती!

यंदा बाबा गेले. मी थोरला, आणि सुट्टी मागितली तर मॅनेजर म्हणतो, "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." अजून डोकं फिरतं.

अस्थींबद्दल बाबांचं एकच सांगणं होतं – "पुलावरून फेकू नका. लोक निर्माल्य भिरकावतात, ते खाली रुळांवर माझ्या माणसांच्या डोक्यात पडतं. पाण्यात उतरून सोडा."

सकाळी साडेदहा, तिकडे दुपारचा एक. दोहातल्या अबू हमूरला घरासमोर गाडीत बसून मी व्हिडिओ कॉल लावला. सुहास भाड्याच्या गाडीत मागे, मांडीवर कलश... आणि खिडकीत पुलाचा कठडा.

"सुहास, पुलावर काय करतोयस?"

"दादा, घाटावर ही गर्दी. तीनला ड्यूटी आहे. नदी तीच ना?"

"बाबांनी काय सांगितलं होतं?"

"मग ये की तू! तिथे एसीत बसून ऑर्डरी सोडतोयस!"

आणि वर हा गाळेही मोजत होता. धप्प – "अकरा." धप्प – "बारा."

"मोजतोस काय, नालायका? थट्टा आहे का ही?"

"मी कुठे? मघापासून तूच मोजतोयस!"

मी स्क्रीनवर त्याच्या ओठांकडे बघू लागलो, तो माझ्या. काच खाली होती, कलश खिडकीशी. धप्प...

"चुकलं. वळवा गाडी."

ड्रायव्हर तेलुगू, त्याला मराठीचं अक्षर येत नाही. सुहासने कलश पोटाशी धरला, काच वर केली.

पूल संपल्यावर त्याने गाडी वळवायला सांगितली. परतताना मी मोजलं – एकपासून, मोठ्याने. राग होताच... मॅनेजरवर, सुहासवर, सगळ्यात जास्त स्वतःवर. शेवटच्या जोडानंतर कुणीतरी हळूच म्हणालं, "बरोबर."

सुहास कमरेइतक्या पाण्यात उतरला. ड्यूटी बुडाली.

नंतर मी नेटवर्क, स्पीकर, इको सगळं तपासलं. पण कुणी मोजतच नव्हतं, तर इको कशाचा? ते "बरोबर" मात्र सुहासचं असू शकतं. मी त्याला विचारलेलं नाही. त्यानेही मला विचारलेलं नाही.