गुलामगिरीस सक्त मनाई आहे

आधुनिक गुलामगिरी प्रतिबंध अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी स्टिकर कमी आले म्हणून छपाईवाल्याशी फोनवर भांडत होते. साहेब केबिनमधून बाहेर आले, हातात एका मेलची प्रत. "ताई, हे बी तुमीच बघा," म्हणाले, आणि चहा सांगायला निघून गेले. मेल विलायतेच्या गिऱ्हाइकाचा होता. आमची द्राक्षं त्यांच्या दुकानात हवी असतील, तर आमच्याकडे कुणी बळजबरीनं राबत नाही हे लिहून द्या. आमचा माणूस येऊन तपासेल.

मी कुंडलची, बी.कॉम. झालेली. पलूसजवळच्या या पॅकहाऊसमध्ये हजेरीपासून पाहुण्यांच्या नाश्त्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात होतं. त्यात आता गुलामगिरी आली.

हंगामात द्राक्षं निवडून डब्यांत भरायला झारखंडच्या बायका यायच्या आणि आवारातल्याच खोल्यांत राहायच्या. आल्या दिवशी गेटवर त्यांची आधार कार्डं जमा व्हायची. ही पद्धत आमच्या सुभेदारांची. ते लष्करातून निवृत्त होऊन आमच्या गेटवर बसले होते. बसले म्हणजे काय, त्यांनी गेटची छावणीच केली होती. बायकांना रविवारी बाजारात जायचं तर आउटपास, तोही दोघी-दोघींना, एका तासाचा. कार्डं त्यांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंक माझ्या टेबलाखाली. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, लिपस्टिकच्या शेजारी. यात कुणाचं काही चुकतंय असं मला दोन हंगाम वाटलं नव्हतं, हे आधी कबूल करून टाकते.

मेल आल्यावर साहेबांनी सगळ्यात आधी फ्लेक्स छापला. काळा गॉगल, जोडलेले हात, आणि वर ठळक अक्षरांत: 'आमच्या येथे गुलामगिरीस सक्त मनाई आहे.' खाली 'शुभेच्छुक: समस्त कर्मचारी वृंद'. झारखंडच्या एकीनं मला विचारलं, आज साहेबांचा वाढदिवस आहे का?

हीच बाई पुढं माझ्या डोक्याला ताप होणार होती. ती पॅकिंगच्या टेबलावर सगळ्यात चपळ, बोलायला कमी. ती बोलायची हिंदीत, मी इथं मराठीत सांगते. तपासणीच्या चार दिवस आधी ती माझ्या टेबलापाशी आली. तिची आई अंथरुणाला खिळली होती, भावाचा फोन आला होता, आता फार दिवस नाहीत म्हणून. "मला माझं कार्ड द्या. आईला जिवंत बघायचंय."

मी साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, "कंटेनर भरू दे, मग बघू. एकीला सोडलं की धा जणी उठत्यात." मी म्हटलं, "साहेब, मेलमध्ये नेमकं हेच लिहिलंय." साहेब दुखावले. "आवं, आमचं विट्याचं पाव्हणं सोनं गाळायला कुठं कुठं जाऊन ऱ्हात्यात. दुकानातच जेवत्यात, दुकानातच झोपत्यात. त्यास्नी कोन गुलाम म्हणतंय व्हय?" त्या पाहुण्यांच्या दुकानाची किल्ली त्यांच्याच कमरेला असते, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण मी नोकरदार बाई, गिळलं.

सुभेदारांचं मत त्याहून सरळ होतं. "म्याडम, माझं लगीन ठरलं तवा बी मला रजा न्हवती. मी काय गुलाम हुतो?" तुम्हाला तीस वर्षांनी पेन्शन मिळाली सुभेदार, असं म्हणायला हवं होतं. तेही गिळलं. त्या आठवड्यात माझं पोट त्यावरच भरलं.

मग सुभेदारांनी बायकांचं प्रशिक्षण घेतलं. दोन रांगा, सावधान. इथं कशा आलात? "मर्जीनं!" जायचं असेल तर? "केव्हाही!" सगळ्यांत खणखणीत आवाज तिचाच होता. चार दिवसांत तिनं मला पुन्हा काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते.

तपासणीच्या सकाळी साहेब म्हणाले, "कार्डं ज्याची त्याला वाटा. तपासणारी बाई गेली की परत जमा." मी ट्रंक उघडली. प्रत्येकीच्या हातात कार्ड ठेवताना आपण काही बक्षीस वाटतोय असा माझा चेहरा झाला असणार. तिनं कार्ड घेतलं, उलटून आपला फोटो बघितला आणि ब्लाउजमध्ये सारलं. तिच्या पायाशी टेबलाखाली एक पिशवी होती. गच्च भरलेली, वर चप्पल खोचलेली. मी पिशवी बघितली आणि पुढच्या बाईकडं वळले. माझं सगळं शौर्य एवढंच.

तपासायला पुण्याहून आलेली बाई तरुण होती, डोक्याला निळी जाळी, हातात यादी. तिनं खोल्या बघितल्या, संडास बघितले, फ्लेक्सपुढं जरा जास्तच वेळ थांबली. शेवटी गेटवर आली. "कामगार आपल्या इच्छेनं बाहेर जाऊ शकतात?"

"केव्हाही!" सुभेदार ओरडले.

आणि मागून ती आली, पिशवी खांद्याला. कार्ड काढून तिनं सुभेदारांसमोर धरलं. "मी घरी चालले."

सुभेदारांचा हात आउटपासच्या वहीकडं गेला, आणि तपासणारी बाई बघतेय हे लक्षात येताच तिथंच थबकला. साहेबांचं हसू कसं टिकलं कोण जाणे. "जाऊ द्या की, जाऊ द्या! आमच्याकडं लय मोकळीक हाय." गेट उघडलं. ती मागं न बघता रस्त्याला लागली. तपासणारीनं यादीवर बरोबरची खूण केली आणि म्हणाली, "फार छान. हे प्रत्यक्ष क्वचित बघायला मिळतं."

आम्ही पास झालो. पाच दिवसांनी झारखंडहून तिचा फोन आला. ती पोचली होती. आईनं ओळखलं, हात धरला, आणि दुसऱ्या दिवशी गेली. मी स्टोअरमध्ये जाऊन रडले. तिच्यासाठी रडले असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

कारण त्या दिवशी तपासणारीची गाडी वळणाआड गेली न गेली तोच सुभेदारांनी शिट्टी वाजवली, बायका ओळीत आल्या आणि एकेक कार्ड मी माझ्या हातानं ट्रंकेत ठेवलं. कुणी कुरकुर केली नाही. शेवटची एक मात्र कार्ड हातातच धरून थांबली.

"दीदी," तिनं विचारलं, "पुढची तपासणी कधी आहे?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणाले, आणि हात पुढं केला.