निघालेल्याला इंग्रजीत विचारलेला प्रश्न

मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर तर कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. वाचणारीही मीच, म्हणून माझी मीच माफी मागते.

त्या वर्षी ह्यांची गिरणी बंद होती. भांडुपला आमच्या चाळीत वरच्या खोलीत मद्रासकडचा एक तरुण राहायचा, पवईला नोकरीला. त्याला मी डबा द्यायचे, त्या पैशांचा घराला मोठा आधार होता. त्याला मराठी येत नव्हतं, आणि हिंदी माझ्याहून वाईट. दोन महिने त्याने पैसे दिले नाहीत. डबा देताना मी कडक चेहरा करून उभी राहायचे. तो "थँक्यू, आंटी" म्हणायचा की मी लगेच हसायचे.

"माग की त्याच्याकडे!" हे म्हणायचे.

"तुम्हीच मागा."

"मला कुठे इंग्लिश येतं?"

"मग मला येतं?"

म्हणून मी महिला मंडळाच्या इंग्रजीच्या वर्गाला बसले. शिकवायला जवळच्या गावठाणातल्या एक ख्रिश्चन बाई यायच्या. त्यांना आम्ही टीचर म्हणायचो. उत्तरं मी धडाधड द्यायचे, पण प्रश्न विचारायचा म्हटलं की वहीत डोकं घालायचे. एकदा टीचर पर्स खांद्याला लावून दाराकडे निघाल्या आणि मला म्हणाल्या, "विचार, व्हेअर आर यू गोइंग?"

निघालेल्या माणसाला कुठे चाललात विचारायचं नाही, त्याचं काम होत नाही, हे आम्हा कोकणातल्या बायकांना लहानपणापासून ठाऊक.

"टीचर, दुसरं काहीतरी द्या ना."

"अगो, इंग्रजीत विचारलेलं लागत नाही!"

मग चपात्या लाटताना तोच प्रश्न घोकला. पैसे मागायचा प्रश्न टीचर पुढच्या आठवड्यात शिकवणार होत्या.

त्याआधीच एका सकाळी तो तरुण बॅग घेऊन जिन्यावर दिसला. माझे दोन महिन्यांचे पैसे जिना उतरत होते. मला येत होतं तेवढं मी ओरडले, "व्हेअर आर यू गोइंग?"

"होम. मदर सिक."

आजारी आईकडे निघालेल्याला मी टोकलं! इंग्रजीत लागत नाही, हे त्या क्षणी कुणाला पटणार? टोकल्यावर माणसाने घटकाभर बसून, पाणी पिऊनच निघायचं असतं. पैसे मी विसरलेच. त्याची बॅग हिसकावून घरात नेली, "सिट! सिट!" म्हणत त्याला बसवलं आणि तांब्या पुढे केला. इतक्यात हे बनियनवर दारात येऊन उभे राहिले, म्हणजे बाहेर पडायची वाटही बंद.

गटागटा पाणी पिऊन त्याने "सॉरी, आंटी" म्हणत पाकीट काढलं आणि नोटा पुढे धरल्या. पगार झालेला असावा, पाकीट चांगलं जाड होतं.

मी शरमेने म्हटलं, "नो, नो!"

त्याला वाटलं, कमी पडले. त्याने आणखी नोटा ठेवल्या. मी पुन्हा "नो, नो" केलं. त्याने आणखी ठेवल्या, आणि दोन महिन्यांचे पैसे पुरते फिटले.