भिंगरीमिस्त्री आणि सोडलेला इंच

...तर टेबल मोजायचं राहिलंच की! काल नेमकं तिथंच उठावं लागलं. पण टेबलावर यायच्या आधी भिंगरी कोण ते सांगायला हवं, नाहीतर नव्या माणसाला वाटायचं, कुणाच्या तरी लहान मुलीची गोष्ट चाललीय.

भिंगरी म्हणजे आमच्या शेजारचा सुतार. वय बासष्ट. नाव ठेवलं त्याच्या उस्तादानं, कारण गडी एका जागी ठरायचाच नाही. चहा उभ्यानं. जेवताना दोनदा उठून खिडकीची कडी तपासणार. दाढीला बसला की न्हावीच आधी हात जोडायचा, "मिस्त्री, पाच मिनिटं लाकूड व्हा."

त्याचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. शेड आणि आतली खोली यांच्यात एकच भिंत. त्या खोलीत त्याची बायको, आमच्या वहिनी. कमरेचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं अंथरुणावर. उशाशी पितळेची घंटी. ती वाजली की भिंगरी हातातला रंधा टाकून आत. कधी पाणी, कधी कूस बदलायची, कधी नुसतंच, "काही नाही हो, कंटाळा आला."

करवतीच्या आवाजाची कुणीतरी तक्रार केली. नगरपालिकेचा माणूस आला, परवाना विचारला. परवाना कुठला! शेडला सील लागलं. परवाना मिळाला तर उघडणार, नाहीतर कारखाना गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत न्यायचा, बसनं जाऊन-येऊन दोन तास. आता घंटीचा आवाज काही बसनं जात नाही.

पहिला अर्ज परत आला, नकाशा जोडला नव्हता म्हणून. ते ठीक. मग भिंगरीनं सील लागलेली शेड बाहेरूनच मोजली, आकडे मी लिहून घेतले, शाळेत घोटलेल्या वळणदार अक्षरात. कचेरीसमोरच्या नकाशेवाल्यानं त्यावरून नकाशा काढला. साहेब पाहणीला येऊन गेले आणि अर्ज परत. कारण एका ओळीत: नकाशा व प्रत्यक्ष जागा यांची मापे जुळत नाहीत.

"जुळत नाहीत?" भिंगरी ओट्यावर येरझारा घालू लागला. "चाळीस वर्षं मापं घेतोय मी. त्यांची टेप आखूड असणार, दादा!"

पुन्हा मोजलं. पुन्हा मी लिहिलं. आकडे तेच, पाहणी तीच, ओळ तीच. फक्त या वेळी तळाशी आणखी एक वाक्य होतं: पुन्हा त्रुटी आढळल्यास प्रकरण बंद करण्यात येईल.

दोन महिने शेड बंद. भिंगरीच्या हातांचं काय करायचं ते भिंगरीलाच कळेना. घरातली सगळी स्टुलं उलटी करून पाय ठोकून झाले. मग माझ्या घरात शिरला. माझी धडधाकट खुर्ची त्यानं दुरुस्त केली, तेव्हापासून ती डुगडुगते. वहिनी घंटी वाजवायच्या आत हा दारात उभा, "वाजवलीस का?" शेवटी त्याच मला म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठंतरी घेऊन जा हो. मला चक्कर यायला लागली."

म्हणून गेलो कचेरीत. अर्जांची छाननी करणाऱ्या इंजिनिअर बाई माझ्या नातीच्या वयाच्या. भिंगरीनं खुर्चीत न बसताच सुरुवात केली, "बाई, तुमची टेप..."

"काका, बसा."

"बसवत नाही. जुळत नाही म्हणजे काय जुळत नाही, तेवढं सांगा."

बाई हसल्या. "या ओळीनं रोज अर्ज परत जातात. भांडायला सगळे येतात, हे विचारायला कुणी येत नाही." त्यांनी फाईल काढली. "नकाशापेक्षा जागेवर लांबी एक इंच कमी. रुंदी एक इंच कमी. दार एक इंच कमी." मग त्याच थबकल्या. "सगळीकडे एकच इंच? काका, हे माझं टेबल मोजा बघू."

भिंगरीनं खिशातली टेप काढली, सर्रकन ओढली. "एकोणपन्नास!"

बाईंनी टेपच्या टोकाला बोट लावलं. "हा पुढचा इंच टेबलाबाहेर लोंबतोय."

"तो सोडायचाच असतो." भिंगरीला त्यांची दया आली. "आमच्या उस्तादाची घडीची पट्टी टोकाला झिजलेली. तेव्हापासून एकच्या रेघेवर धरायची सवय. कापताना एक मनात वजा करायचा."

"आणि नकाशेवाल्याला हे सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? ठाऊक असतं."

"आकडे लिहिले कुणी?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"नकाशा दुरुस्त होईल," बाई म्हणाल्या. "पण दार खरंच पस्तीसचं आहे, छत्तीसचं लागतं. आग लागली तर बाहेर पडायचं दार आहे ते."

भिंगरी पहिल्यांदा खुर्चीत बसला. ती चौकट त्यानं स्वतः केलेली, शेडमधलं पहिलं काम. दुरुस्तीपुरतं सील काढायची चिठ्ठी बाईंनी दिली, दोन दिवसांची. तो त्यावर सही व्हायच्या आत जिन्यात पोचला होता. चिठ्ठी मी आणली.

दोन दिवस पटाशी, हातोडा, करवत. चौकट उखडली, भिंत तासली, नवी चौकट बसवली. मध्येच घंटी वाजली. हा धुळीनं पांढरा होऊन आत धावला. वहिनी म्हणाल्या, "काही नको. ठोकणं का थांबवलंत? दोन महिन्यांनी डोळा लागत होता."

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. टेप शून्यापासून धरली. मी दुसरं टोक धरायला गेलो, तर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही राहू द्या." दार छत्तीस भरलं. नवा नकाशाही जुळला. त्यांनी परवान्याचा कागद रंध्याच्या बाकावर ठेवला आणि पेन पुढं केलं.

"इथं सही करा. आणि काका, आता तरी टेप शून्यापासून धरणार ना?"

भिंगरीनं पेन घेतलं. तेवढ्यात भिंतीपलीकडं घंटी वाजली. पेन तसंच हातात घेऊन तो नव्या दारातून निघाला आणि जाता जाता म्हणाला,

"तुमच्या कागदाला शून्यापासून धरीन बाई, लाकडाला एकापासूनच. सही आल्यावर करतो, आधी ती काय म्हणतेय बघू द्या!"